पंचांगाचा डेटा दुरुस्त करणारे केरूनाना

फोन टिंग करतो. उद्या अंगारकी आहे, चंद्रोदय इतक्या वाजता, असा मेसेज असतो. मग लालबागमध्ये आजी साबुदाणा भिजत घालते. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहायचं म्हणून कोणी रात्रीच दादरला उतरायचं ठरवतं. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी उद्याचा चिकन बिर्याणीचा प्लॅन कॅन्सल करतं. एका नोटिफिकेशनने अख्ख्या घराचा दिवस बदलतो.

पण ही अंगारकी फोनला कळली कशी? कोणीतरी आकाशाचा डेटा तयार केला, त्यावर एक नियम लावला आणि नियम जुळला तेव्हा घंटी वाजवली. आज हे काम कॉम्प्युटर करतो. दीडशे वर्षांपूर्वी ते पंचांगकर्ते कागदावर करायचे. तो कागदावरचा डेटा चुकतोय हे सांगून तो दुरुस्त करायला बसलेला माणूस म्हणजे प्रो. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. लोकमान्य टिळकांचे गणिताचे शिक्षक म्हणून आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे ते वेगळे, हेही सांगून टाकलेलं बरं.

नागावचा मुलगा कुलाब्याला

केरूनानांचा जन्म 16 मे 1825 चा, अलिबागजवळच्या नागावचा. मराठी गद्याच्या सुरुवातीच्या काळात ज्यांचं नाव घेतलं जातं ते सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे त्यांच्याच घराण्यातले. शिकायला म्हणून केरूनाना मुंबईत आले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे आर्लिबार नावाचे इंग्रज प्राध्यापक होते. गणित आणि खगोल हे त्यांचे विषय. या मुलाची गणितातली चमक त्यांच्या लक्षात आली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा तिचा एक मोठा हेतू. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची नियमित निरीक्षणं सुरू झाली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी जवळचा संबंध होता. याच सुमारास, विशी गाठायच्या आधीच, केरूनाना इथे नोकरीला लागले.

हे काम दिसायला अगदीच कंटाळवाणं. ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचं, सुई कुठे आहे ते वाचायचं, वहीत आकडा लिहायचा. पाऊस असो की वारा, दिवस असो की रात्र. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा सेन्सरचा डेटा हाताने नोंदवत होता. पण त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनली. पुस्तकात काय लिहिलंय ते एक आणि उपकरण काय दाखवतंय ते दुसरं. दोन्हींत फरक पडला तर तपासायचं पुस्तक. पुढचं त्यांचं सगळं काम या सवयीतून आलं.

पंचांग म्हणजे मुळात काय?

आपल्यातल्या बऱ्याच जणांना पंचांग म्हणजे लग्नाचे मुहूर्त नि राशिभविष्य वाटतं. प्रत्यक्षात ते एक टेबल आहे. पाच कॉलमचं, म्हणून पंच-अंग. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातल्या प्रत्येक शब्दाला पक्का गणिती अर्थ आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. आकाशाचे 27 समान भाग केले तर 13 अंश 20 कलांचं एक नक्षत्र. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून एखादी तिथी 20 तासांच्या आसपास संपते, तर एखादी 26 तासांच्याही पुढे जाते.

आता सण बघा. सण म्हणजे या टेबलावर लावलेला नियम. भाद्रपद शुक्ल चतुर्थी ज्या दिवशी मध्यान्हाला असेल तो गणेश चतुर्थीचा दिवस. कृष्ण पक्षातली चतुर्थी ज्या दिवशी चंद्रोदयाला असेल ती संकष्टी. त्या दिवशी मंगळवार आला तर अंगारकी. कृष्णजन्मासाठी मध्यरात्र बघायची, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ. आयटीवाले याला क्वेरी म्हणतात. अमुक अट पूर्ण करणारी ओळ शोधून दे, असं डेटाला विचारणं.

कॉम्प्युटर सायन्समध्ये सिमँटिक वेब नावाची कल्पना आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ती मोठ्या वाचकवर्गापुढे मांडली. माहिती नुसती लिहून ठेवायची नाही, तर तिचा अर्थ मशीनलाही कळेल अशी छोट्या तुकड्यांत मांडायची. प्रत्येक तुकडा तीन भागांचा. उद्याचा दिवस, तिथी, कृष्ण चतुर्थी. उद्याचा दिवस, वार, मंगळवार. अशा तुकड्यांना प्रश्न विचारायची स्पार्कल नावाची भाषा 2008 मध्ये प्रमाण झाली. मग पुढची पायरी अशी की प्रश्न रोज विचारायचाच नाही. तो एकदा नोंदवून ठेवायचा आणि उत्तर मिळेल तेव्हा सिस्टीमनेच आपल्याला कळवायचं.

इथे एक अडचण येते. लाखो लोकांनी लाखो प्रश्न नोंदवले आणि सिस्टीम दर मिनिटाला सगळे तपासत बसली, तर ती दमणारच. वर्षात 5,25,600 मिनिटं असतात. म्हणून हुशारी यात आहे की डेटा बदलतो तेवढ्याच क्षणी तपासायचं, आणि त्या बदलाशी ज्यांचा संबंध आहे तेवढेच प्रश्न तपासायचे. पंचांगात वर्षाला साधारण 371 तिथी येतात. संकष्टी शोधायची तर त्यातल्या फक्त 12-13 कृष्ण चतुर्थी बघितल्या की काम झालं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायची गरज नाही. पंचांगकर्ता वर्षाचं सगळं गणित एकदाच करतो आणि घराघरांत लोक फक्त पान उलटतात. इतकी काटकसरी नोटिफिकेशन सिस्टीम आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेली आहे!

गोची कुठे होती?

छापखाने यायच्या आधी गावचा जोशी दारोदार जाऊन तिथी सांगायचा. पाडव्याला पंचांग वाचून दाखवायचा. 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं आणि एकच माहिती एकाच वेळी हजारो घरांत जायची सोय झाली. पण छापून येणारे आकडे यायचे कुठून? बहुतेक ठिकाणी ते गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून काढलेले असत. गणेश दैवज्ञ मुरुडजवळच्या नांदगावचे, म्हणजे केरूनानांच्याच किनाऱ्यावरचे. ग्रंथाचा काळ 1520.

ग्रहलाघव ही जबरदस्त चीज आहे. जुन्या ग्रंथांत युगाच्या आरंभापासून दिवस मोजत यायचं, त्यामुळे आकडे अवाढव्य व्हायचे. गणेश दैवज्ञांनी 11 वर्षांचं, 4016 दिवसांचं एक चक्र धरलं आणि रोजच्या गणितातले आकडे लहान करून टाकले. त्रिकोणमितीची कोष्टकंही लागू नयेत अशी युक्ती केली. साधा जोशी पाटीवर गणित करू शकेल इतकं ते सोपं झालं. म्हणूनच ते तीन-साडेतीनशे वर्षं टिकलं.

पण सोपं करताना सूक्ष्मपणा थोडा सोडावा लागतो, आणि दर वर्षीची बारीक चूक साचत जाते. परंपरेने धरलेलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं होतं. साडेतीन मिनिटं म्हणजे किस झाडकी पत्ती, असं वाटेल. पण बाराशे वर्षांत त्याचे जवळपास तीन दिवस होतात. शिवाय चंद्राची आणि ग्रहांची गणितातली जागा नि आकाशातली जागा यांत तफावत पडत होती. तिथी संपायची वेळ चुकली आणि नेमका त्याच फटीत चंद्रोदय आला, तर संकष्टी दुसऱ्याच दिवशी जाते. नियम बरोबर, प्रश्न बरोबर, पण डेटा शिळा. मग नोटिफिकेशन चुकणारच.

कोष्टकं आणि नवं पंचांग

1850 नंतर केरूनाना पुण्यात शिकवू लागले. पुढे डेक्कन कॉलेजात ते गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. शाळांसाठी अंकगणित नि पदार्थविज्ञानावर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. पण शिकवण्याच्या जोडीला ते एक भलंमोठं काम करत होते. युरोपात दुर्बिणींनी घेतलेल्या वेधांवरून सूर्य, चंद्र आणि ग्रहांची नवी कोष्टकं तयार झाली होती. त्यांच्या आधारे केरूनानांनी मराठीत 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ तयार केला. तो 1860 मध्ये छापून आला.

या ग्रंथाचं मोल काय? ज्याला इंग्रजी-फ्रेंच येत नाही, ज्याने वेधशाळा पाहिलेली नाही, असा मराठी पंचांगकर्ताही आता ताज्या वेधांवर बेतलेलं गणित करू शकणार होता. केरूनानांनी ज्ञान स्वतःच्या वहीत ठेवलं नाही. दुसऱ्याला वापरता येईल अशा रूपात ते मांडलं.

मग 1865 पासून त्यांनी प्रत्यक्ष पंचांगच काढायला सुरुवात केली. आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. यात तिथी, ग्रहणं, ग्रहांच्या जागा आकाशाशी जुळणाऱ्या होत्या. इथपर्यंत सगळं ठीक. खरी मेख पुढे होती.

शून्य कुठे ठेवायचं?

राशिचक्र गोल आहे. गोलावर मोजायचं तर कुठेतरी शून्य धरावं लागतं. परंपरा सांगते की मेष राशी रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून सुरू होते. केरूनानांनी ही गोष्ट शब्दशः घेतली. खगोलशास्त्रात झीटा पीशियम म्हणतात तो तारा त्यांनी शून्यावर ठेवला आणि सगळं चक्र तिथून मोजलं. तर्काने बघितलं तर यात चूक काढणं अवघड होतं. पण चालू पंचांगांचं शून्य एव्हाना त्या ताऱ्यापासून चारेक अंश सरकलेलं होतं. त्यामुळे केरूनानांच्या पंचांगात सूर्य प्रत्येक राशीत इतरांपेक्षा सुमारे चार दिवस आधी जाऊ लागला. म्हणजे मकर संक्रांतही चार दिवस आधी!

आणि गोष्ट संक्रांतीवर थांबत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक महिना, असा नियम आहे. संक्रांत चार दिवस सरकली की कधीकधी अधिक महिनाच दुसरा येतो. मग एका घरात भाद्रपद चालू आणि शेजारच्या घरात अजून अधिक महिना, असं होऊ शकतं. गणपती एक महिना पुढे-मागे!

विचार करा, गिरगावातल्या एकाच चाळीत पहिल्या मजल्यावर आरती चालू आहे आणि दुसऱ्या मजल्यावर अजून मखरही आणलेलं नाही. सण हा एकट्याने करायचा प्रकार नाही. मूर्तिकार, फुलवाला, भटजी, माहेरी येणारी लेक, सगळ्यांना एकच तारीख लागते. त्यामुळे अचूक असूनही हे पंचांग मोजक्या घरांपलीकडे गेलं नाही.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. जुन्या मताच्या लोकांना धर्मशास्त्रात ढवळाढवळ नको होती. दुसरीकडे विसाजी रघुनाथ लेले यांच्यासारखे अभ्यासक म्हणत होते की सण ऋतूंशी जोडलेले हवेत, म्हणून तारा सोडा आणि सूर्याच्या संपात बिंदूपासून मोजा. याला सायन पद्धत म्हणतात. वर्तमानपत्रांतून हे वाद रंगले. आकाश एक, पण शून्यं तीन झाली.

मुंबईकर तर अशा वादात पुढेच. 1906 मध्ये शहरावर नवी भारतीय प्रमाणवेळ आली. ती जुन्या मुंबई वेळेपेक्षा 39 मिनिटांनी पुढे. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध दंगा केला. महापालिकेने तर 1955 पर्यंत मुंबई वेळ सोडली नाही. नवी वेळ गणिताने चुकीची होती म्हणून नव्हे. आपल्याला न विचारता आपलं शून्य हलवलं, हा राग होता.

सिमँटिक वेबवर काम करणाऱ्यांचं घोडंही नेमकं इथेच अडतं. दोन ठिकाणचा डेटा अचूक असून भागत नाही. एकाच शब्दाचा दोघांनी एकच अर्थ धरायला हवा. एका यादीत भाद्रपद म्हणजे वेगळा महिना आणि दुसरीत वेगळा, तर एकाच क्वेरीला दोन उत्तरं येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

मागे काय राहिलं?

सरकारने 1877 मध्ये केरूनानांना रावबहादूर केलं. 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी गेले. त्यांच्या हयातीत पंचांगाचा प्रश्न सुटला नाही. पण त्यांचा विद्यार्थी तो विसरला नाही. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेल्या टिळकांनी राजकारणाच्या धबडग्यातही पंचांग सुधारणेचा पाठपुरावा केला. 1904 मध्ये मुंबईत यासाठी ज्योतिषांची परिषद भरली आणि पुढेही अशा बैठका होत राहिल्या. त्यातून आलेलं टिळक पंचांग रेवतीचंच शून्य मानतं. आजही ते पाळणाऱ्या घरांत मकर संक्रांत 10 जानेवारीला येते. कधीकधी त्यांचे गणपतीही महिनाभर आधी बसतात. तेव्हा एखाद्या मित्राच्या घरी भलत्याच महिन्यात मोदक असले तर हसू नका. त्यामागे केरूनाना आहेत.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये केंद्राने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. तिने 1955 मध्ये अहवाल दिला. गणित प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं हवं, हे तत्त्व तिथे मान्य झालं. शून्य मात्र चित्रा ताऱ्याच्या आधारे धरलं गेलं, रेवतीच्या नाही. म्हणजे केरूनानांचं अर्धं म्हणणं देशाने घेतलं आणि अर्धं सोडलं. 1973 मध्ये जयंत साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि संकष्टीचे गावोगावचे चंद्रोदय सामान्य घराच्या भिंतीवर आले. आपल्या फोनमधली पंचांगाची अ‍ॅप हा त्याचाच पुढचा टप्पा.

कुलाब्याच्या वेधशाळेचीही एक गंमत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकत्व मोजणाऱ्या नाजूक उपकरणांना त्रास होणार हे उघड होतं. तेव्हा संचालक नानाभाय मूस यांच्या काळात 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. नागावहून कुलाब्याला आलेल्या मुलाने जे काम केलं, ते काम त्याच्या पश्चात त्याच्याच मुलखात गेलं. अलिबागला बीचवर जाताना ती वेधशाळा वाटेत लागते.

आज डेटा सायन्स शिकणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना वाटतं की डेटा स्वच्छ केला, क्वेरी फास्ट केली की प्रश्न मिटला. केरूनानांनी हे दोन्ही केलं होतं, तेही कॉम्प्युटरशिवाय. त्यांना जमलं नाही ते तिसरं काम, सगळ्यांना एका शून्यावर आणणं. ते काम एकट्या गणितज्ञाच्या हातातलं नसतं. त्यासाठी चाळीत बैठक बसवावी लागते, भांडावं लागतं, चार पावलं मागे यावं लागतं. पण मुळात चूक आहे हे कोणीतरी आकडे मांडून दाखवल्याशिवाय ती बैठकही बसत नाही. 1860 मध्ये मराठीत ते आकडे केरूनानांनी मांडले.